त्रिशूळ आला कुठून?

शंकराच्या हातात त्रिशूळ असतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही वेगळं सांगावं लागत नाही. तेच मूल थोडं मोठं झालं की पुस्तकात किंवा सिनेमात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन पाहतं, तर त्याच्याही हातात त्रिशूळ. रोमनांचा नेपच्यून तसाच. इराकमध्ये सापडलेल्या सुमारे २,९०० वर्षांपूर्वीच्या एका ॲसिरियन शिल्पपटावर एक पंख असलेला देव राक्षसाचा पाठलाग करतो आहे आणि त्याच्या दोन्ही मुठींत तीन-तीन टोकांची शस्त्रं आहेत. तिबेटी चित्रांत गुरू पद्मसंभवांच्या दंडाच्या शेंड्यावरही त्रिशूळ दिसतो.

हे पाहून प्रश्न पडतोच: हे सगळे देव मुळात एकच होते का? मोबाइलवर फिरणारे संदेश एका ओळीत उत्तर देऊन मोकळे होतात. कुणी म्हणतं, एके काळी साऱ्या जगात शिवपूजाच होती. कुणी उलट म्हणतं, त्रिशूळ आपण ग्रीकांकडून घेतला. ही दोन उत्तरं परस्परविरुद्ध वाटतात, पण दोन्हींत गृहीत एकच आहे: आकार सारखा, म्हणजे उगमही एकच. ते गृहीत खरं आहे का, हे पाहायचं तर देवळाआधी पाण्याच्या काठावर जावं लागतं.

पाण्यातला मासा आणि तीन सुळे

उथळ, स्वच्छ पाण्यात मासा दिसतो. त्याच्यावर नेम धरून भाला मारला, तर नवख्याचा नेम हमखास चुकतो आणि भाला माशाच्या वरून जातो. याचं कारण प्रकाशाच्या वागण्यात आहे. माशाकडून निघालेला प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो. डोळ्याला मात्र प्रकाश सरळ रेषेतच आला असं वाटतं, म्हणून मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. अगदी वरून पाहिलं तरी एक मीटर खोलीवरचा मासा साधारण ७५ सेंटिमीटरवर असल्यासारखा भासतो. तिरकं पाहिलं तर फसवणूक आणखी वाढते. हे घरी पाहता येतं. पातेल्याच्या तळाशी नाणं ठेवा आणि काठाआड ते जेमतेम दिसेनासं होईल इतकं मागे सरका. दुसऱ्या कुणाला पातेल्यात पाणी ओतायला सांगा. जागचं न हलता नाणं पुन्हा दिसू लागेल.

अनुभवी मासेमार दिसणाऱ्या माशाच्या खाली नेम धरतो. तरी पाणी हलतं, मासाही हलतो आणि थोडी चूक राहतेच. ती भरून काढायचा सोपा उपाय म्हणजे भाल्याचं टोक रुंद करणं: एका सुळ्याऐवजी शेजारी-शेजारी दोन किंवा तीन. एक चुकला तर दुसरा लागतो.

लागलेला मासा हातात येईपर्यंत टिकवणं हे पुढचं काम. एकाच सुळ्यावर टोचलेला मासा त्याच्याभोवती गरगर फिरतो आणि निसटतो. दोन-तीन सुळे एकदम रुतले की त्याला फिरता येत नाही. सुळ्यांना उलटे काटे असले तर मागे सरकणंही बंद होतं. मग सुळे आणखी वाढवत का नाहीत? कारण हाताचा जोर तितक्या टोकांवर वाटला जातो, प्रत्येक टोक कमी रुततं आणि रुंद भाल्याला पाण्याचा अडथळाही जास्त होतो. मधला सुळा घुसण्यासाठी आणि बाजूचे दोन धरून ठेवण्यासाठी, ही सोयीची तडजोड आहे.

म्हणूनच एकमेकांची नावंही न ऐकलेल्या लोकांनी असे भाले बनवले. इजिप्तमध्ये मेन्ना नावाच्या अधिकाऱ्याच्या सुमारे इ.स.पू. १४०० च्या थडग्यात मासेमारीचं चित्र आहे. त्यातल्या लांब भाल्याला दोन टोकं आहेत. कॅनडाच्या आर्क्टिक भागातले इन्युइट लोक ‘काकिवाक’ नावाचा तीन सुळ्यांचा भाला वापरत. त्याचा मधला सुळा ताठ असतो, तर बाजूचे दोन शिंगाचे, लवचीक आणि आतल्या बाजूला काटे असलेले. मारताना ते फाकतात आणि मासा आत गेला की त्याला आवळतात. इन्युइटांना पोसायडन ठाऊक नव्हता आणि शंकरही नाही.

तीन दगडांची चूल आठवा. आपल्या शेतावर ती मांडतात, आफ्रिकेतल्या खेड्यांतही मांडतात. भांडं न डगमगता उभं राहायला किमान तीन टेकू लागतात, हे ज्याला त्याला आपापल्या भांड्यानं शिकवलं. एकाची चूल पाहून दुसऱ्यानं मांडली असं मानायची गरज पडत नाही. तीन सुळ्यांच्या भाल्याचंही तेच. काम सारखं असलं की आकार सारखा होतो.

मासेमाराचं हत्यार समुद्रदेवाच्या हाती

भूमध्य समुद्रात टूना माशांचे थवे ठरावीक ऋतूत किनाऱ्याजवळून जातात. प्राचीन काळी त्यांना जाळ्यात कोंडून त्रिशूळांनी मारत. किनाऱ्यावर राहणाऱ्या ग्रीकांना हे दृश्य नेहमीचं होतं. समुद्राच्या देवाच्या हाती काय द्यायचं, याचं उत्तर त्यांच्या होड्यांतच होतं.

होमरच्या महाकाव्यांत पोसायडन त्रिशूळानं समुद्र ढवळून वादळ उठवतो. नंतरच्या कथांनुसार एकाक्ष सायक्लोप्सांनी तीन भावांना तीन वस्तू घडवून दिल्या: झ्यूसला वज्र, हेडीसला अदृश्य करणारं शिरस्त्राण आणि पोसायडनला त्रिशूळ. इ.स.पू. सहाव्या शतकात दक्षिण इटलीत पोसायडोनिया नावाची ग्रीक वसाहत होती. आज ती पेस्टुम म्हणून ओळखली जाते. तिच्या चांदीच्या नाण्यांवर त्रिशूळ उगारून चाल करणारा पोसायडन आहे. या नाण्याकडे पाहिलं की मासा मारणाऱ्याची ढब लगेच ओळखू येते.

देवाच्या हातात गेल्यावर मात्र हत्याराचं काम वाढलं. पोसायडन भूकंपाचाही देव होता. आफ्रिकेचं भूपट्ट एजियन समुद्राच्या खाली सरकत असल्यानं ग्रीसची जमीन वारंवार हादरते. इ.स.पू. ३७३ मध्ये पेलोपोनीजच्या उत्तर किनाऱ्यावरचं हेलिके शहर एका रात्रीत भूकंपानं आणि समुद्राच्या लाटेनं नाहीसं झालं. तिथं पोसायडनचं प्रसिद्ध देवस्थान होतं. लोकांनी या विनाशात त्याचाच कोप पाहिला. मासा भेदणारा त्रिशूळ आता जमीन भेदू लागला.

अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर याची एक जागा दाखवत. शहराचं दैवत कोण, यावरून अथीना आणि पोसायडन यांच्यात स्पर्धा लागली. अथीनानं ऑलिव्हचं झाड दिलं, पोसायडननं खडकावर त्रिशूळ मारून खाऱ्या पाण्याचा झरा काढला. तिथल्या एरेख्थिऑन मंदिराच्या उत्तरेकडच्या ओसरीत खडकावरच्या खुणा उघड्या ठेवल्या आहेत आणि बरोबर त्यांच्या वर छतात मोकळी जागा सोडली आहे. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या वास्तुकारांनी देवाच्या प्रहाराची वाट बुजवली नाही.

रोमनांनी हाच त्रिशूळ नेपच्यूनला दिला. शिवाय आखाड्यातल्या एका प्रकारच्या योद्ध्यालाही दिला: रेटिआरियस, म्हणजे जाळं आणि त्रिशूळ घेऊन लढणारा. मासेमाराची सगळी सामग्री त्यानं माणसाविरुद्ध वापरली. तुर्कस्तानात इफेससला ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली. तिथल्या एका कवटीवर त्रिशूळाच्या घावाची भोकं आहेत.

वीज कोरायची कशी?

आता समुद्र सोडून आत, सीरिया आणि उत्तर इराककडे जाऊ. या भागातली शेती पावसावर अवलंबून होती. पावसाचा, गडगडाटाचा देव तिथं अत्यंत महत्त्वाचा. त्याची नावं प्रदेशाप्रमाणे बदलतात: अदाद, हदाद, तेशूब. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या सुरुवातीच्या बॅबिलोनी दंडगोल मुद्रांवर तो बैलावर उभा असतो आणि त्याच्या हातात दोन किंवा तीन नागमोडी फाटे असलेली वस्तू असते. ती भाला नाही. ती वीज आहे.

वीज अशी का काढली? ढगातला विद्युतभार जमिनीकडे एका झेपेत येत नाही. तो सुमारे पन्नास-पन्नास मीटरचे टप्पे घेत हवेतून वाट शोधतो. प्रत्येक टप्प्यावर एकापेक्षा अधिक वाटा मोकळ्या असतात, म्हणून त्याला फाटे फुटत जातात. यातला एक फाटा जमिनीला टेकला की त्या वाटेनं प्रचंड प्रवाह वाहतो आणि आपल्याला लखकन प्रकाश दिसतो. आकाशात क्षणभर उमटलेली ती फाटेफुटीची रेघ बोटभर दगडी मुद्रेवर कोरायची तर कारागिराला ती सोपी करावीच लागते. एक दांडा आणि त्याला तीन नागमोडी फाटे एवढ्यात काम होतं. हातात धरायला मूठ दिली की ते देवाचं शस्त्र झालं.

ॲसिरियन कलाकारांनी पुढे मुठीच्या दोन्ही बाजूंना फाटे दिले. सुरुवातीला उल्लेख केलेला शिल्पपट निमरूद इथल्या, राजा अशुरनासिरपाल दुसरा (इ.स.पू. ८८३–८५९) याच्या काळातल्या निनुर्ता देवाच्या मंदिरातला आहे. एकोणिसाव्या शतकात ऑस्टिन हेन्री लेयार्डनं तो खणून काढला आणि आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. निनुर्ताच्या मुठींतले ते ‘त्रिशूळ’ म्हणजे विजेचे लोळ आहेत. निमरूदच्याच राजवाड्यातले काही शिल्पपट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही आहेत. ॲसिरियन कारागिराचा हात किती सफाईदार होता, ते तिथं जवळून पाहता येतं.

हा आकार मात्र प्रवासाला निघाला आणि त्याचे पुरावे आहेत. इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांत ग्रीक व्यापारी पूर्व भूमध्य किनाऱ्यावर येत-जात होते आणि पश्चिम आशियातली अनेक नक्षीरूपं ग्रीक भांड्यांवर उतरली. झ्यूसच्या हातातलं दुतोंडी वज्र त्यांतलंच एक. काही अभ्यासकांनी तर पोसायडनचा त्रिशूळही मुळात वीजच असावा असं मांडलं, कारण जुन्या ग्रीक चित्रांत त्याची टोकं कधी कधी कमळाच्या कळीसारखी दिसतात. बहुतेकांना मासेमारीचा उगम अधिक पटतो. पण मासेमाराच्या हत्याराला चित्रकारानं विजेच्या नक्षीचा साज चढवला, हेही अशक्य नाही. हत्यार एकाचं, सजावट दुसऱ्याची, असं कलेच्या इतिहासात पुष्कळदा होतं.

अदादच्या पायाखालचा बैल पाहून आपल्याला नंदी आठवणं स्वाभाविक आहे. पण मधली कडी शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. त्या मुद्रा आणि बैलासह शिवाची सर्वांत जुनी स्पष्ट रूपं यांच्यात जवळपास दोन हजार वर्षांचं अंतर आहे. गुरं पाळणाऱ्या कुठल्याही समाजाला बैलात ताकद दिसते, आणि त्याची डरकाळी ऐकून ढगांची आठवण होते. त्यामुळे हे साम्य स्वतंत्रपणेही निर्माण होऊ शकतं.

धनुष्यधारी रुद्र, परशुधारी शिव

मग आपल्या त्रिशूळाचं काय? अनेकजण मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध ‘पशुपती’ मुद्रेपासून सुरुवात करतात. १९२८-२९ च्या उत्खननात ती सापडली. आसनस्थ आकृतीच्या डोक्यावर दोन वाकडी शिंगं आणि मधे पंख्यासारखा तुरा आहे, आणि या तिन्हींची एकत्र रेघ त्रिशूळासारखी दिसते. जॉन मार्शल यांनी १९३१ मध्ये ही आकृती शिवाचं आद्यरूप असल्याचं मांडलं. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी त्यावर गंभीर शंका घेतल्या. सिंधू लिपी सर्वमान्यपणे वाचली जात नाही तोवर त्या आकृतीचं नाव सांगता येत नाही. शिवाय तिथं तीन टोकं आहेत ती शिरोभूषणाची. हातात शस्त्र नाही.

वेदांकडे आलं तर आणखी आश्चर्य वाटतं. ऋग्वेदातला रुद्र धनुर्धारी आहे. यजुर्वेदातल्या शतरुद्रीयात, म्हणजे आपण ज्याला ‘रुद्र’ म्हणतो आणि अभिषेकाच्या वेळी ज्याची आवर्तनं करतो त्यात, भक्त पुन्हा पुन्हा त्याच्या धनुष्याला आणि बाणांना नमस्कार करतो. पिनाक हे धनुष्य शिवाच्या नावाशी कायमचं जोडलं गेलं ते तेव्हापासून. त्रिशूळ तिथं नाही.

आंध्र प्रदेशात गुडीमल्लम इथलं लिंग सर्वांत जुन्या शिवमूर्तींपैकी एक आहे. अनेक अभ्यासक ते इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातलं मानतात. लिंगाच्या पुढच्या बाजूला कोरलेला शिव द्विभुज आहे: एका हातात मेंढा, दुसऱ्या हातात लहान पात्र आणि खांद्यावर परशू. त्रिशूळ इथंही नाही.

त्याच काळाच्या सुमारास दुसरा एक धागा दिसतो. पतंजलीच्या महाभाष्यात, साधारण इ.स.पू. दुसऱ्या शतकात, हातात लोखंडी शूळ घेऊन फिरणाऱ्या शिवभागवतांचा उल्लेख येतो. डॉ. रा. गो. भांडारकर यांनी वैष्णव आणि शैव पंथांवरच्या आपल्या १९१३ मधल्या ग्रंथात शैव संप्रदायाच्या इतिहासासाठी या उल्लेखाचं महत्त्व दाखवून दिलं. त्या शूळाला किती टोकं होती, हे पतंजली सांगत नाही. पण लोखंडी शूळ ही शिवभक्ताची ओळख झाली होती, हे त्यावरून निश्चित कळतं. म्हणजे त्रिशूळ शिवाच्या हाती स्थिरावण्याआधी धनुष्य होतं, परशू होता, शूळ होता. यांतूनच पुढचं रूप घडत गेलं.

नाण्यांवर झालेली भेट

ही घडण पाहायची सर्वांत चांगली जागा म्हणजे नाणी. नाण्यावर राजाचं नाव असतं, त्यामुळे काळ ठरवता येतो.

आजच्या अफगाणिस्तानात, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या बॅक्ट्रियात, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात पहिला अँटिमॅकस हा ग्रीक राजा होता. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर त्रिशूळ घेतलेला पोसायडन उभा आहे. पुढच्या शतकात तक्षशिलेच्या परिसरातला शक राजा मोअस यानंही आपल्या नाण्यांवर पोसायडन आणला. म्हणजे त्रिशूळ हातात घेऊन उभ्या असलेल्या देवाचा नमुना वायव्य भारताच्या टांकसाळींत पोहोचला होता आणि ठसे कोरणाऱ्यांच्या हाताला तो सरावाचा झाला होता.

त्याच सुमारास पंजाबच्या डोंगराळ भागात औदुंबर नावाचं गणराज्य होतं. त्याच्या नाण्यांवर एक देऊळ आणि शेजारी त्रिशूळ-परशूचा ध्वज दिसतो. इथं ग्रीक देव नाही. त्रिशूळ आणि परशू एकाच दांड्याला जोडलेले आहेत. गुडीमल्लमच्या शिवाच्या खांद्यावरचा परशू इथं त्रिशूळाला येऊन मिळाला आहे.

तक्षशिलेच्या सिरकप भागात सापडलेल्या एका मुद्रेवर त्रिशूळधारी शिव आहे. त्याच्या दुसऱ्या हातात गदा आहे आणि उभं राहण्याची ढब ग्रीक वीर हेराक्लिसच्या प्रतिमेची आठवण करून देते. मुद्रेवर ब्राह्मी आणि खरोष्ठी या दोन्ही लिप्यांत शिवरक्षित हे नाव कोरलं आहे. त्यानंतर कुषाण राजा विम कडफिसस येतो. त्याच्या सोन्याच्या आणि तांब्याच्या नाण्यांवर त्रिशूळधारी देव उभा आहे, मागे बैल आहे आणि खरोष्ठी लेखात राजाला महीश्वर म्हटलं आहे. पुढच्या कुषाण नाण्यांवर या देवाचं नाव ‘ओएशो’ असं ग्रीक लिपीत येतं. काही अभ्यासकांच्या मते त्यात इराणी वायुदेवही मिसळलेला आहे. मध्य आशियातल्या पंजीकेंतच्या भित्तिचित्रांत सोग्दी लोकांचा वेशपरकर हा वायुदेव त्रिशूळ घेऊनच उभा आहे.

टांकसाळीत काय घडलं असेल, याचा अंदाज बांधता येतो. राजा सांगतो, शिवाची प्रतिमा काढ. कारागिराला शिवाची लक्षणं भक्तांकडून कळतात: शूळ, परशू, बैल. पण नाण्याच्या गोलात देव उभा कसा करायचा, हात कुठं ठेवायचा, दांडा कसा धरायचा, याचा सराव त्याला ग्रीक नमुन्यावर झालेला असतो. देव इथला, उभं करण्याची रीत तिथली. ‘त्रिशूळ ग्रीकांकडून आला’ या विधानात एवढाच अंश खरा आहे. शूळधारी शिवभक्त पतंजलीला आधीच ठाऊक होते.

विजेचं चिन्हही याच मार्गानं थेट महाराष्ट्रात आलं. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथं क्षत्रप राजा नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्या नाण्यांच्या मागच्या बाजूला बाण आणि वज्र आहे. बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं विजयानंतर आपला ठसा मारलेला आहे.

लेण्यांपासून डोंगरापर्यंत

एकदा स्थिर झाल्यावर त्रिशूळ शिवाचा झाला, आणि शिवाकडून देवीचाही. देवीमाहात्म्यात शिव आपल्या त्रिशूळातूनच दुसरा त्रिशूळ काढून तिला देतो. मध्य प्रदेशातल्या उदयगिरीच्या ज्या लेण्यात इ.स. ४०१ च्या सुमाराचा गुप्तकालीन लेख आहे, तिथंच महिषासुरमर्दिनी कोरलेली आहे. तुळजापूरची भवानीही त्रिशूळानंच महिषासुराचा वध करते.

वेरूळच्या दशावतार लेण्यात, म्हणजे १५ क्रमांकाच्या लेण्यात, अंधकासुराच्या वधाचा शिल्पपट आहे. अंधकाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून नवा असुर उभा राहायचा. म्हणून त्याला नुसतं मारून भागत नव्हतं. त्रिशूळावर अधांतरी उचलून धरायला हवं होतं. घुसायचं आणि धरून ठेवायचं, ही तीन टोकांची दोन्ही कामं या कथेत पुरी उतरली आहेत.

देवाची मूर्ती नसतानाही त्रिशूळ एकटा पूजला जातो. उत्तराखंडात गोपेश्वरला गोपीनाथ मंदिराच्या आवारात धातूचा प्रचंड त्रिशूळ उभा आहे आणि त्यावर प्राचीन लेख आहेत. सातपुड्यात पचमढीजवळच्या चौरागडावर महाशिवरात्रीला विदर्भातून भाविकांची रीघ लागते. नवस फेडायला आणलेले त्रिशूळ खांद्यावर घेऊन ते हजाराहून अधिक पायऱ्या चढतात आणि माथ्यावर महादेवाला अर्पण करतात. काही त्रिशूळ इतके जड असतात की ते उचलायला अनेकांचे खांदे लागतात. पिढ्यान्‌पिढ्या वाहिलेल्या त्रिशूळांचे तिथं ढीग आहेत.

टोकं आधी, अर्थ नंतर

तीन टोकं म्हणजे तीन गुण, तीन लोक, तीन काळ. इच्छा, ज्ञान आणि क्रिया या तीन शक्ती. इडा, पिंगला, सुषुम्ना. हे अर्थ आपण कीर्तनात ऐकतो, ग्रंथांत वाचतो. ते खोलवर विचार करून दिलेले आहेत. इ.स. १००० च्या सुमारास काश्मीरमध्ये अभिनवगुप्तानं ‘तंत्रालोक’ ग्रंथात त्रिशूळाचं मंडल वर्णिलं आहे. त्यात तीन टोकांवर परा, परापरा आणि अपरा या तीन देवी विराजमान आहेत आणि साधकानं तो त्रिशूळ स्वतःच्या देहात पाहायचा आहे.

पण कालक्रम पाहिला तर आधी हत्यार येतं, मग ते देवाच्या हाती जातं आणि त्यानंतर तीन या संख्येचा अर्थ उलगडला जातो. रोमन काळातही असंच झालं. इ.स. पहिल्या-दुसऱ्या शतकातला ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो, की समुद्र हा विश्वाचा तिसरा विभाग, म्हणून पोसायडनला त्रिशूळ. होड्यांतून भाले मारणाऱ्यांना असा हिशेब कुणी विचारला नव्हता. सांचीच्या तोरणांवर आणि जुन्नर, कार्ले इथल्या लेखांशेजारी दिसणारं त्रिरत्न किंवा नंदिपद हे चिन्हही वरच्या बाजूनं त्रिशूळासारखं दिसतं. बौद्धांनी त्यात बुद्ध, धम्म आणि संघ पाहिला; तेच चिन्ह इतरांच्या नाण्यांवरही आहे.

ही प्रक्रिया आजही सुरू आहे. १९६६ मध्ये बार्बाडोस स्वतंत्र झाला तेव्हा त्यानं ध्वजावर तुटक्या दांड्याचा त्रिशूळ घेतला. तुटलेला दांडा म्हणजे वसाहतीशी तोडलेलं नातं, आणि तीन टोकं म्हणजे लोकांचं, लोकांसाठी, लोकांनी चालवलेलं राज्य. आपल्या नौदलानं ४ डिसेंबर १९७१ रोजी कराचीवर केलेल्या हल्ल्याचं नाव ‘ऑपरेशन ट्रायडंट’, म्हणजे त्रिशूळच, होतं; त्याच दिवशी आपण नौदल दिन पाळतो.

थोडक्यात

- मासेमारीचा त्रिशूळ: पाण्यात मासा चुकीच्या जागी दिसतो आणि एका सुळ्यावरून निसटतो, म्हणून तीन सुळे. अनेक समाजांनी स्वतंत्रपणे शोधला. पोसायडनचा त्रिशूळ बहुधा यातूनच आला.
- विजेचा त्रिशूळ: फाटे फुटलेली वीज सोप्या रेघांत कोरली. पश्चिम आशियातल्या अदाद, निनुर्ता यांचं शस्त्र. झ्यूसच्या वज्राचा आकार इथून गेला.
- शिवाचा त्रिशूळ: धनुष्य, परशू आणि लोखंडी शूळ यांच्या परंपरेतून घडला. वायव्य भारतातल्या नाण्यांवर त्याच्या मांडणीत ग्रीक कारागिरी मिसळली.
- तीन टोकांचे अर्थ: प्रत्येक परंपरेनं आपापल्या तत्त्वज्ञानानुसार नंतर दिले.

साम्य दिसलं की काय विचारावं?

दोन संस्कृतींत सारखं चिन्ह दिसलं, की इतिहासाचे अभ्यासक काही साधे प्रश्न विचारतात. या आकाराचं असं एखादं काम आहे का, की ते कुणालाही हाच आकार सुचवेल? असेल, तर नुसत्या साम्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दोन्हींचा काळ काय आणि मधल्या काळातल्या कड्या हाती आहेत का? अदाद आणि शिव यांच्यात त्या नाहीत. पोसायडन आणि मोअसचं नाणं यांच्यात आहेत. माणसं, माल आणि कारागीर यांची प्रत्यक्ष ये-जा होती का? आणि शेवटी, आकाराबरोबर कथा आणि पूजापद्धतीही आली का? पोसायडनबरोबर समुद्र आणि भूकंप येतात, शिवाबरोबर तप, स्मशान आणि कैलास. आकार जुळला तरी कथा जुळत नाही, म्हणून देवही एक ठरत नाहीत.

हे प्रश्न विचारल्यानं श्रद्धेला कुठंही धक्का लागत नाही. उलट ‘सगळं आमचंच’ किंवा ‘सगळं उसनं’ या दोन्ही दाव्यांत चौरागड चढणाऱ्या भाविकाचा, टूना मारणाऱ्या ग्रीक मासेमाराचा आणि विजेची रेघ मुद्रेवर उतरवणाऱ्या बॅबिलोनी कारागिराचा स्वतःचा अनुभव पुसला जातो. एकानं आपलं पाणी पाहिलं, एकानं आपलं आभाळ, एकानं आपल्या देवाची शक्ती. तिघंही स्वतंत्रपणे तीन टोकांपाशी पोहोचले. जिथं ते खरंच एकमेकांना भेटले, तिथं त्या भेटीचे पुरावे नाण्यांवर कोरलेले आहेत आणि ते कुणालाही तपासून पाहता येतात. आपल्या त्रिशूळाचा मान वाढवायला साऱ्या जगाचे त्रिशूळ आपलेच म्हणावे लागत नाहीत; रुद्राच्या धनुष्यापासून कुषाणांच्या नाण्यापर्यंतचा त्याचा स्वतःचा इतिहास त्यासाठी पुरेसा समृद्ध आहे.